काळ्या-निळ्या डब्यातलं लिनक्स

डिसेंबर २००२. लिंक्सिस कंपनीनं डब्ल्यूआरटी५४जी नावाचा राउटर बाजारात आणला. काळा-निळा डबा, मागे दोन अँटेना. आत १२५ मेगाहर्ट्झचा ब्रॉडकॉम प्रोसेसर, १६ एमबी रॅम आणि ४ एमबी फ्लॅश. आजच्या फोनमधला एखादा फोटोसुद्धा बऱ्याचदा चार एमबीत मावत नाही. या डब्यात तेवढ्याच जागेत लिनक्स नांदत होतं!

ही गोष्ट २००३ च्या जूनमध्ये लिनक्स कर्नलवाल्या मंडळींनी हुडकून काढली. लिनक्सचा जीपीएल परवाना उदार आहे, पण अट पक्की आहे: कोड वापरा, बदला, विका, मात्र ज्याला वस्तू विकली त्याला सोर्स कोडही द्या. त्यामुळे कंपनीला कोड खुला करावा लागला आणि जानेवारी २००४ मध्ये राउटरसाठी खुलं फर्मवेअर बनवणारा ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्प सुरू झाला. नावसुद्धा याच डब्यावरून.

आत शिरायची वाट तर भन्नाट! सेटिंगमध्ये 'पिंग' तपासायचं एक पान होतं. त्या चौकटीत आयपी पत्त्याऐवजी लिनक्सची कमांड टाकली की राउटर ती मुकाट्यानं चालवायचा. या भोकातून लोकांनी आधी 'बूट_वेट' चालू केलं. मग वीज आल्या आल्या राउटर काही सेकंद थांबायचा आणि तेवढ्यात केबलवरून टीएफटीपीनं नवं फर्मवेअर ढकलता यायचं. फसलं तर पुन्हा ढकला.

ओपनडब्ल्यूआरटीच्या पहिल्या आवृत्तीचं नाव 'व्हाइट रशियन', पुढचीचं 'कामिकाझे'. ही कॉकटेलची नावं. लॉग-इन केलं की पडद्यावर चक्क त्या पेयाची कृती यायची, व्होडका किती घ्यायची यासकट.

२००५ मध्ये मात्र या डब्याची पाचवी आवृत्ती आली आणि रसिकांचा हिरमोड झाला. नाव तेच, रूप तेच. आत फ्लॅश २ एमबी, रॅम ८ एमबी आणि लिनक्सच्या जागी व्हीएक्सवर्क्स. लिनक्सप्रेमींसाठी कंपनीनं जुनं हार्डवेअर वेगळ्या नावानं आणलं: डब्ल्यूआरटी५४जीएल. शेवटचा 'एल' लिनक्सचा.

म्हणूनच जुना राउटर घेताना मॉडेलच्या नावावर विसंबू नका. डबा उलटा करा, लेबलवर बारीक अक्षरात छापलेली 'व्ही१', 'व्ही५' ही आवृत्ती वाचा. सगळं गणित तिथं आहे. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमवाले राउटर नव्या ओपनडब्ल्यूआरटीनं कधीच मागे टाकले. आज १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम असेल तरच पैसे मोजावेत, असं माझं ठाम मत आहे. वायफायची चिपही पाहा. ज्या ब्रॉडकॉमच्या चिपवर हे सगळं सुरू झालं, त्याच कंपनीच्या पुढच्या वायफाय चिपना खुले ड्रायव्हर धड मिळाले नाहीत. मीडियाटेक बरं.

झाकण उघडलंत तर बोर्डाच्या कडेला बहुधा चार बारीक भोकं एका रांगेत दिसतील. टीएक्स, आरएक्स, ग्राउंड आणि ३.३ व्होल्ट. हा सीरियल पोर्ट. इथं यूएसबी-टीटीएलची केबल जोडून वेग बहुतेक वेळा ११५२०० ठेवला की राउटर जागा होताना काय काय पुटपुटतो ते ओळीओळीनं वाचता येतं. व्होल्टचं भोक तेवढं मोकळं सोडा; बाकीच्या तीन तारा पुरतात.

ओपनडब्ल्यूआरटीची आतली रचनाही हुशार आहे. मूळ फर्मवेअर स्क्वॉशएफएसमध्ये दाबून बसवलेलं, फक्त वाचता येणारं. तुमचे बदल वरच्या वेगळ्या थरात. रिसेट म्हणजे तो वरचा थर पुसणं, एवढंच.

आणि २०२४ मध्ये, प्रकल्पाला वीस वर्षं झाल्यावर, ओपनडब्ल्यूआरटीचा स्वतःचा राउटर आला: 'ओपनडब्ल्यूआरटी वन'. बनाना पायच्या मदतीनं बनलेला, १ जीबी रॅमचा. मला त्यातली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे दोन फ्लॅश चिप. रोजचं काम २५६ एमबीच्या नँडवर, आणि १६ एमबीच्या नॉरमध्ये राखून ठेवलेली सुटकेची सोय. नवं फर्मवेअर बिघडलं तर मागचा खटका नॉरकडे सरकवायचा, पेनड्राइव्ह लावायचा आणि राउटर पुन्हा उभा करायचा.