नारायणगाव: ट्रक गेले, रस्ता उरला

नारायणगावच्या एसटी स्टँडसमोर रस्ता ओलांडायची पूर्वी एक ठरलेली रीत होती. नाशिककडून येणारा कांद्याचा ट्रक जाऊ द्यायचा, त्याच्या शेपटाला लागलेली एसटी जाऊ द्यायची, मग हात दाखवत निम्म्यापर्यंत पळायचं आणि पुण्याकडच्या गाड्या संपेपर्यंत मध्येच अंग चोरून उभं राहायचं. शाळेची पोरं हे सराईतासारखं करायची. म्हाताऱ्या बायका ओळख नसलेल्या माणसाचाही हात धरायच्या.

आता ट्रक गावाबाहेरून जातात. खेड ते सिन्नर या सुमारे १३८ किलोमीटरच्या चौपदरीकरणात राजगुरुनगर, मंचर, कळंब, नारायणगाव अशा गावांना वळसे काढायचे ठरले. काम रखडलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा रखडलं. महामार्गाचा नंबर ५० चा ६० झाला तरी गावातली कोंडी तीच होती. शेवटी नारायणगावचा बायपास झाला. २०२१ मध्ये खेड घाट आणि नारायणगाव या दोन बायपासच्या उद्घाटनावरून आजी-माजी खासदारांत श्रेयाचं भांडणही रंगलं. इकडे बैलगाड्याच्या शर्यतीइतकंच असल्या शर्यतीचं कौतुक असतं.

संपादकांनी बजावलं होतं, जुन्नर-आंबेगाव तालुक्यांवर लिहा, पण त्यातलं नेहमीचं नको. म्हणून नेहमीचं एका दमात उरकतो. शिवनेरीवर १६३० साली शिवजन्म. लेण्याद्री आणि ओझर, अष्टविनायकांतले दोन. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण, जिला अडचण नको म्हणून पुणे-नाशिक रेल्वेचा मार्गच बदलायचं घाटतंय. माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र. डिंभे धरणाच्या पाण्यात गेलेलं मूळ आंबेगाव, ज्याचं नाव आता फक्त तालुक्याला उरलंय. सातगाव पठाराचा बटाटा, नारायणगावचा टोमॅटो. झालं.

मला पाहायचा होता तो गावात मागे राहिलेला रस्ता. बायपास झाला की जुन्या महामार्गाचं काय करायचं, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या शेकडो गावांपुढे आहे आणि बहुतेक ठिकाणी त्याचं उत्तर कुणी दिलेलं नाही. रिवाजाप्रमाणे तो तुकडा सार्वजनिक बांधकाम खात्याकडे येतो, त्यावर एकदा डांबराचा थर पडतो आणि फाइल मिटते. नारायणगावात रस्त्याच्या कडेला मोटारी तिरक्या लागतात, त्यांच्या पलीकडे फळांच्या गाड्या, त्यांच्या पलीकडे दुकानांच्या पायऱ्या, आणि चालणारा माणूस या सगळ्याच्या अलीकडे, म्हणजे रस्त्यावर. फूटपाथ विचारला तर लोक गटारावरच्या लाद्यांकडे बोट दाखवतात. त्यातली एखादी लादी हमखास डुगडुगते.

"रस्ता रुंद करा म्हणावं," चहाच्या टपरीवर एकाने सांगितलं. सगळ्यांचं औषध हेच. पण रुंद कुणासाठी, हे ट्रक असताना विचारायची सोय नव्हती, आता आहे. इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था १९३४ पासून देशातल्या रस्त्यांची मापं ठरवते. तिच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत (क्रमांक १०३) वस्तीच्या भागात किमान १.८ मीटर आणि बाजारपेठेत २.५ मीटर निर्वेध फूटपाथ सांगितलाय. निर्वेध म्हणजे मध्ये खांब नाही, डीपी नाही, फ्लेक्सचा सांगाडा नाही. कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे गुडघेदुखीच्या माणसालाही चढता येईल. कागदावर सगळं आहे.

समजा, भिंत ते भिंत २४ मीटर मिळाले. दोन्ही दिशांच्या वाहतुकीला ७ मीटर पुरतात, कारण इथून आता जड वाहन जायचं नाही. दोन्ही बाजूंना गाड्या लावायला अडीच-अडीच मीटर. दोन्ही बाजूंना साडेतीन मीटरचे फूटपाथ. तरीही पाच मीटर उरतात. त्यांत झाडं, बाकडी, गाडीवाले, भाजी घेऊन बसणाऱ्या बायका, सगळे बसतात. वाहनांचा पट्टा अरुंद ठेवला की वेग आपोआप उतरतो, आणि ताशी ३० किलोमीटरला धडकलेला माणूस बहुधा वाचतो, ५० ला धडकलेल्याची खात्री देता येत नाही. पुण्याने २०१६ मध्ये पादचारी धोरण केलं, जंगली महाराज रस्त्याचे फूटपाथ रुंद केले, २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता काही तास गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिनही साजरा होतो. वर्षातून एक दिवस चालणाऱ्यांचा, म्हणजे बाकीचे कुणाचे ते कळलंच.

हे हिशेब मी एका पेंटरला सांगत होतो. वय सत्तरीचं, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. आयुष्यभर याच रस्त्याच्या कडेला बसून त्यांनी तमाशा फडांच्या पाट्या रंगवल्या. राहुटीवरचे बोर्ड, ट्रकच्या फळ्या, पडद्यावरची नावं.

नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड आणि विठाबाई नारायणगावकर यांच्यामुळे गावाचं नाव राज्यभर गेलं. विठाबाईंना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपती पदक मिळालं, २००२ मध्ये त्या गेल्या, आणि त्यांच्या नावाने सरकार आता जीवनगौरव पुरस्कार देतं. जत्रांचा हंगाम जवळ आला की गावात फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे कारभारी येतात, राहुट्या फिरतात, चहा होतो, घासाघीस होते, इसार देऊन सुपारी पक्की होते. चैत्री पौर्णिमा, वद्य अष्टमी या तिथींना भाव चढतो, अवसेकडे उतरतो. एवढा मोठा बाजार आणि त्याला छप्पर कापडाचं.

पेंटर म्हणाले, "हायवे होता तेव्हा बोर्ड वाळायच्या आत त्यावर काळा थर यायचा. पांढरा रंग मी कधी पांढरा पाहिलाच नाही. म्हणून मी पिवळा वापरायला लागलो, लोकांना वाटायचं स्टाइल आहे."

आता हवा बरी आहे, पण बोर्ड फ्लेक्सचे झाले. पेंटरकडे लोक येतात ते जुन्या फळ्यांवरची अक्षरं पुन्हा उजळून घ्यायला. 'सह' हा शब्द ते अजूनही तिरकाच काढतात, दोन कलावतींच्या नावांमध्ये कमी जागा खातो म्हणून. ब्रश धरायच्या आधी ते फळी हाताने मोजतात, वीत आणि चार बोटं, आणि अक्षर एका रेषेत उतरतं. रस्त्याची रुंदीही त्यांना पावलांत पाठ आहे. बस थांब्यापासून समोरच्या मेडिकलपर्यंत किती पावलं, ते त्यांनी सांगितलं आणि वर म्हणाले, पूर्वी हेच अंतर जास्त वाटायचं.

मी त्यांना नाणेघाटाचं विचारलं, कारण रस्त्याच्या कामाला लागणारा वेळ हा विषय निघाला की जुन्नरकर तिकडे वळतोच. नाना आणि गुणा असे दोन भाऊ. कोकणातून वर यायची वाट जो आधी करील त्याचा मान, अशी पैज लागली. ही गोष्ट जितक्या तोंडी ऐकावी तितक्या तऱ्हा. पेंटरच्या तऱ्हेत गुणा कष्टाळू, त्याने अखंड कडा फोडायला घेतला. नाना चतुर, त्याने आधी डोंगर हिंडून घेतला, नैसर्गिक घळ शोधली आणि तिच्यातच पायऱ्या बसवल्या. नाना जिंकला. घाटाला त्याचं नाव, शेजारच्या सुळक्यालाही नानाचा अंगठा. गुणाचं काम अर्धवट राहिलं.

"गुणा म्हणजे आपला कॉन्ट्रॅक्टर," पेंटर म्हणाले. "आधी फोडतो, मग नकाशा बघतो."

गोष्ट बाजूला ठेवली तरी नाणेघाट हा या तालुक्यातला चालणाऱ्यांसाठी सर्वांत विचारपूर्वक केलेला रस्ता आहे आणि तो दोन हजार वर्षं जुना आहे. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याचा माल याच वाटेने जुन्नरला चढायचा. चाक नाही, सगळं पायावर आणि बैलाच्या पाठीवर. म्हणून दगडी पायऱ्या, वाटेत खडकात कोरलेली पाण्याची टाकी, माथ्यावर थांबायला लेणं. त्या लेण्यात राणी नागनिकेचा लेख, ज्यात यज्ञ आणि दानांची आकड्यांसकट नोंद आहे. बाहेर दगडी रांजण, जकातीचा म्हणून दाखवतात. आजचा रांजण महामार्गावर चाळकवाडीला आहे, त्यावर टोलनाका लिहिलंय. पाण्याचं टाकं तेवढं शोधावं लागतं. जुन्नर शहरात कल्याण पेठ अजून आहे, तिथून कल्याणला मात्र आता कुणी चालत जात नाही.

या भागात चालणाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती. शिवजयंतीच्या आदल्या रात्री शिवनेरीवरून शिवज्योत घेऊन पोरं आपापल्या गावी पळत निघतात, हातात मशाल, मागे टेम्पो. चतुर्थीला ओझर, लेण्याद्रीची गर्दी. सकाळी वारूळवाडीकडून मीना नदीच्या पुलावरून शाळा-कॉलेजला येणारे जथे. उसाच्या दिवसांत त्यांच्या अंगाला घासून जाणारे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. आकडे मोजायचे ठरवले तर रस्त्यावर गाड्यांपेक्षा माणसंच जास्त भरतील, पण वाहतुकीची मोजणी करणारा गाड्याच मोजतो.

झटपट काम कसं करायचं, यालाही उत्तर आहे. जमिनीखालचं आधी: पाण्याची लाइन, गटार, केबलसाठी नळ्या. गटाराचे तुकडे कारखान्यात तयार करून आणून बसवले तर खड्डा आठवड्यांऐवजी दिवसांत बुजतो. रस्ता निम्मा निम्मा करायचा, एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत संपवून मगच पुढे खोदायचं. काँक्रीटला पुरती ताकद यायला २८ दिवस लागतात, फूटपाथच्या ब्लॉकवरून दुसऱ्या दिवशी चालता येतं. हे इंजिनिअरला माहीत असतं. त्याला माहीत नसतं ते गावाचं पंचांग. पावसाळ्यात खोदाई नको. टोमॅटोचा हंगाम उन्हाळ्याच्या अखेरीपासून, तेव्हा क्रेट भरलेल्या पिकअपची रांग बाजार समितीच्या बाहेरपर्यंत येते. चैत्र-वैशाख राहुट्यांचा. दिवाळी ते महाशिवरात्र एवढीच फट उरते आणि तिच्यात बऱ्याचदा शिवजयंतीही येते. निविदा मात्र मार्चअखेर निधी संपवायच्या घाईत निघते, म्हणजे नेमकी राहुट्या पडायच्या वेळी जेसीबी उभा.

शिवाय मालक कोण, हाही घोळ आहे. नारायणगाव आणि वारूळवाडी या दोन वेगळ्या ग्रामपंचायती, बाजार एकच. रस्ता खात्याचा, गटार पंचायतीचं, खांब वीज कंपनीचे. मंचरला निदान नगरपंचायत आहे, तिला आराखडा मागता तरी येईल. इथे तो मागायचा कुणी? तोवर पार्किंगच्या रेषा जो तो आपल्या चाकांनी आखतो, आणि आणखी काही वर्षांनी बायपास भरला की गावातला रस्ता पुन्हा गाड्यांना मोकळा करा म्हणणारे निघतीलच.

पेंटरला माझा साडेतीन मीटरचा फूटपाथ पसंत पडला. झाडंही. फक्त एकच शंका त्यांनी काढली. "ब्लॉक बसवले, तर राहुटीच्या खुंट्या कुठे ठोकायच्या?"

मी म्हटलं, फूटपाथ करतानाच ठरावीक अंतरावर पाइपाचे तुकडे पुरून ठेवायचे, वर झाकण. हंगामात झाकण काढायचं, खांब उभा करायचा.

त्यांनी वितीने हवेत अंतर मोजलं. "दोन खांबांत नऊ फूट लागतात. आणि झाकणं लोखंडाची नको, सिमेंटची करा. लोखंडाची पहिल्याच अवसेला भंगारात जातील."