एकच बार

डिसेंबरात सेमिस्टर संपली की अमेरिकेतलं कॉलेजचं गाव दोन दिवसांत ओस पडतं. कॅन्टीन बंद, बसच्या फेऱ्या कमी, आणि भारतात जायच्या तिकिटाचे पैसे नसलेले आम्ही सात-आठ जण एकमेकांच्या खोल्यांत मॅगी शिजवत बसलेलो. गेल्या डिसेंबरात माझ्या रूममेटला हे बघवलं नाही. ‘‘माझ्या घरी चल,’’ ती म्हणाली. ‘‘ख्रिसमस करू. आणि सव्वीसला आमच्याबरोबर जंगलात ये. फ्लिंटलॉक सीझन सुरू होतोय.’’

माझा चेहरा कोरा. मग तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. लांबलचक नळी, लाकडी दस्ता, नळीखाली खोचलेला गज, आणि घोड्याच्या जबड्यात धरलेला गारगोटीचा तुकडा. मी ओरडलेच, ‘‘अगं, ही तर ठासणीची बंदूक!’’

ती मी ओळखणारच. सिंधुदुर्गात आमच्या ओटीच्या भिंतीवर तशीच एक टांगलेली असायची. आजोबांची, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. भात पिकायला आलं की रानडुकरं शेतात घुसायची, आणि आजोबा रात्री राखणीला बसायचे. बार बहुतेक वेळा हवेतच. निवडणूक आली की बंदूक पोलिस ठाण्यात जमा. आजोबा गेल्यावर परवाना कुणी पुढे चालवला नाही. भिंतीवर दोन खुंट्या तेवढ्या उरल्या.

त्यामुळे ‘मी येते’ म्हणाले खरी, पण मनात धाकधूक होतीच. आपल्याकडे हरणाची शिकार म्हणजे गुन्हा, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं थेट तुरुंग. आणि इथे घरातल्या घरात चर्चा चाललेली की यंदा कुणी कुठे बसायचं!

रूममेटचं घर पेनसिल्व्हेनियाच्या मधल्या डोंगराळ भागात. घरात आई-बाबा, चुलतभाऊ, शेजारचं एक जोडपं आणि आजोबा. आजोबांना सगळे ‘पॅप’ म्हणतात. वय अठ्ठ्याहत्तर. बोलणं कमी, खोकणं जास्त. मी कोकणातली आणि आमच्याकडेही ठासणीची बंदूक होती म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. ‘‘गारगोटीची की टोपीची?’’ ‘‘तांब्याच्या टोपीची,’’ मी म्हणाले. ‘‘म्हणजे मॉडर्न,’’ पॅप म्हणाले, आणि अख्खं टेबल हसलं.

पॅपचं बरोबर होतं. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ठासणीच्या बंदुकीचा वेगळा सीझन असतो, पण तिथे आता नव्या बनावटीच्या बंदुकाही चालतात. पेनसिल्व्हेनिया याबाबतीत हट्टी. ख्रिसमसनंतरचा हा सीझन १९७४ साली सुरू झाला, आणि तेव्हापासून त्यात चकमकीचीच बंदूक लागते. गारगोटी पोलादावर घासून ठिणगी पाडायची, दुर्बीण लावायची नाही. आणि एकदा बार टाकला की पुन्हा भरेपर्यंत हरीण दुसऱ्या डोंगरावर.

सव्वीसला पहाटे साडेचारला उठलो. माझ्याकडे परवाना नव्हता. इथे पहिला परवाना काढायचा तर आधी शिकाऱ्यांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. म्हणजे मी बंदूक धरायची नाही, हाका घालायचा नाही, रूममेटशेजारी मुकाट बसायचं. तिनं माझ्यासमोर बंदूक भरली. मोजून दारू ओतली. तेल लावलेल्या फडक्याच्या चकतीत शिशाची गोळी बसवून ती गजानं तळापर्यंत ठासली. कानाजवळच्या छोट्या वाटीत बारीक दारू घातली, आपल्याकडे तिला रंजक म्हणायचे. सोरा, गंधक, कोळसा. सगळं ओळखीचं.

आणि मग नुसतं बसणं. उणे सात तापमान, ओकच्या बुंध्याला पाठ, पायाखाली घोटाभर बर्फ. मोबाइल बंद. तासाभरानं माझी बोटं माझी राहिली नाहीत. मी कुजबुजत विचारलं, ‘‘मारायचंच का पण?’’ ती वैतागली नाही. तिनंही कुजबुजत सांगितलं, ते असं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बेसुमार शिकार आणि जंगलतोडीमुळे पेनसिल्व्हेनियातली हरणं जवळपास संपली होती. १८९५मध्ये राज्यानं शिकारीवर नियंत्रण ठेवणारा आयोग नेमला. १९०६पासून दुसऱ्या राज्यांतून हरणं आणून सोडली. ती वाढली, खूपच वाढली, कारण त्यांना खाणारे लांडगे आणि प्यूमा माणसानं आधीच संपवले होते. आता हरणं कोवळी रोपं खाऊन टाकतात, जुनं झाड पडलं तर जागी नवं उगवत नाही. शिवाय रस्त्यावर गाड्यांखाली येतात ती वेगळीच. म्हणून दर वर्षी किती मारायची हे ठरवून परवाने निघतात. बंदुकांवर आणि काडतुसांवर १९३७च्या कायद्यानं कर बसतो, तो वन्यजीवांच्या कामाला जातो.

मुद्दा पटला. पोट मात्र तयार नव्हतं.

साडेआठला एक मादी आली. शेपटीखालचं पांढरं चमकलं. जेमतेम तीस पावलांवर. रूममेटनं नेम धरला, चाप ओढला. खट्! वाटीत भुर्रकन जाळ, धुराचा पुंजका, आणि पुढे काही नाही. रंजक पेटली, आतली दारू पेटलीच नाही. फुसका बार! हा शब्द मी आयुष्यभर दिवाळीत आणि राजकारणात वापरला, त्याचा खरा अर्थ त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला. मादी आमच्याकडे क्षणभर बघत राहिली आणि गेली.

मला, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं. रूममेट मात्र चिडली. बर्फाच्या ओलाव्यानं घात केला होता. तिनं कान साफ केला, नवी रंजक घातली. त्यानंतरची तिची हालचाल पहाटेसारखी नव्हती.

अकराच्या सुमारास दुसरी मादी दिसली. लांब होती, तिरकी उभी. पॅपचा घरात एकच नियम. चाळीस पावलांपलीकडे बार टाकायचा नाही. ही साठावर तरी असेल. मी काही बोलायच्या आत आवाज झाला आणि सगळं पांढऱ्या धुरात गेलं. धूर विरला तेव्हा समोर कुणी नव्हतं. बर्फावर रक्ताचे चार थेंब.

पॅप आले. रागावले नाहीत. थेंबांकडे वाकून पाहिलं. रक्त गडद होतं. फुप्फुसाला लागलं असतं तर ते लालभडक, फेसाळ असतं आणि हरीण जवळच पडलं असतं. ‘‘अर्धा तास थांबायचं. लगेच मागे लागलो तर ती पळत राहील.’’ मग आम्ही निघालो. दर वीस पावलांवर एखादा थेंब. ओढा, दगडांची चढण, लॉरेलची दाट झुडपं. एकदा माग पूर्ण तुटला, तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, आता सोडून द्या. पॅपनी काठी बर्फात रोवली. ‘‘बार तिनं टाकलाय. आता ते हरीण तिचं आहे, सापडलं तरी आणि नाही सापडलं तरी.’’

दोन वाजता सापडली. झुडपाखाली, पाय पोटाशी घेऊन. गेलेली होती. रूममेट तिच्याजवळ बसली, मानेवर हात ठेवला आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, ‘‘लांब होती. मला माहीत होतं. सकाळचा राग होता.’’ कुणी ‘असू दे’ म्हटलं नाही. पॅपनी खिशातून पेन काढून तिच्या हातात दिलं. परवान्याबरोबरचा टॅग भरून हरणाच्या कानाला बांधल्याशिवाय ते जागचं हलवायचं नसतं. तिच्या थरथरत्या हातांनी तारीख दोनदा चुकली.

मी लहानपणापासून मटण खाते. रविवारी दुकानापुढे रांगेत उभी राहिले आहे, मोबाइलवर रील्स बघत. तीन तास बर्फात एका प्राण्याचा माग काढत मी कधी चालले नव्हते. शिकार चांगली की वाईट, याचं उत्तर मला अजूनही देता येत नाही. पण टाकलेल्या बाराच्या मागे शेवटपर्यंत जायचं असतं, हे त्या दिवशी कळलं. आणि आपण किती बार टाकून विसरून जातो, हेही. रागात पाठवलेला मेसेज, तोडलेली मैत्री... माग काढायला कोण जातं?

तीन दिवसांनी त्या मांसाचा रस्सा मी केला, आईनं दिलेल्या मालवणी मसाल्याचा. पॅपना ठसका लागला, तरी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

पण मला जास्त आठवते ती त्या सव्वीसचीच संध्याकाळ. काळ्या दारूची काजळी नळीत राहिली तर गंज चढतो, म्हणून बंदूक त्याच दिवशी गरम पाण्यानं धुवायची असते. स्वयंपाकघरात वाफेबरोबर गंधकाचा वास पसरला. पॅपनी गजाला फडकं गुंडाळलं आणि काही न बोलता तो माझ्या हातात दिला. नळी साफ करताना फडकं काळंभोर निघत होतं. आजोबाही मला एवढंच करू द्यायचे.