परदेशातून आलात? जुन्या मैत्रिणींनाही भेटा

पहाटे विमान दिल्लीत उतरतं. सुट्टी जेमतेम तीन आठवड्यांची आणि कामांची यादी हातभर लांब. नागपूरला सासरचं लग्न, पुण्यात आई-वडिलांना भेटणं, बँकेची कामं, दातांचा डॉक्टर, करोलबागेतली खरेदी. यादीत सर्वांत शेवटी लिहिलेलं असतं, ‘मैत्रिणी’. दिवस भराभर निघून जातात आणि परतीच्या दिवशी विमानतळावरून फोन केला जातो, ‘‘अगं, या वेळी जमलंच नाही. पुढच्या वेळी नक्की!’’

पलीकडे पश्चिम विहारमधली मैत्रीण ‘‘असू दे गं’’ म्हणते. पण ही तीन आठवडे इथेच होती, हे तिला मोबाइलवर आलेल्या लग्नाच्या फोटोंवरून आधीच कळलेलं असतं. असं दोन-तीनदा झालं, की मग फोनही येईनासे होतात. भांडण होत नाही, कुणी कुणाला टाकून बोलत नाही, तरीही मैत्री संपते.

दिल्लीतलं माहेर

दिल्लीत वाढलेल्या मराठी मुलींच्या बाबतीत हे नुकसान जरा जास्तच असतं. नोकरीनिमित्त दिल्लीत आलेल्या मराठी कुटुंबांचे काका, मामा, आत्या सगळे महाराष्ट्रात. सरोजिनीनगर, नेताजीनगर किंवा रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये नातेवाइकांची जागा शेजाऱ्यांनी घेतलेली असायची. आई आजारी पडली तर डबा शेजारून यायचा. हळदी-कुंकू, गणपती, परीक्षेचा अभ्यास, सगळं मैत्रिणींच्या घरीच.

पुढे वडील निवृत्त होतात, आई-वडील पुण्या-नागपूरला जातात आणि मुलगी लग्न होऊन अमेरिकेला किंवा लंडनला. दिल्लीत तिचं घर राहत नाही. सरोजिनीनगर, नेताजीनगरसह सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला २०१६ साली मंजुरी मिळाली आणि अनेक जुन्या क्वार्टर पाडल्या गेल्या. ज्या अंगणात लंगडी खेळली, ते अंगणही उरलं नाही. अशा मुलीच्या लहानपणाच्या दिल्लीपैकी जे शिल्लक आहे, ते मैत्रिणींच्या आठवणीतच. म्हणून त्यांची भेट ही वेळ उरला तर करायची गोष्ट नाही.

त्यात आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. २३ मार्च २०२० पासून भारतातील नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंद झाली आणि ती २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत सुरू झाली. मधल्या काळात मोजकी खास विमानं सोडली तर येणं-जाणं कठीण होतं. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत दिल्लीत ऑक्सिजनसाठी लोक वणवण फिरत होते, तेव्हा परदेशातल्या मुलामुलींच्या हातात फक्त फोन होता. अशा वेळी कुणाच्या तरी आई-वडिलांसाठी औषध शोधणारी, दारात डबा ठेवून जाणारी व्यक्ती अनेकदा जुनी मैत्रीण किंवा जुना मित्रच होता. त्याची आठवण ठेवून दोन तास काढणं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

पत्ता सापडेना, तर

जुन्या डायरीतले सहा-सात आकडी फोन नंबर आता लागत नाहीत. शिवाय लग्नानंतर मैत्रिणीचं आडनाव बदलतं, काही घरांत नावही बदलतं. अशा वेळी तिच्या भावाच्या नावानं शोध घ्या, त्याचं आडनाव तेच असतं. पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत शिकला असाल तर वर्गातला एक जण सापडला, की बाकीचे सापडतात. पहाडगंजमधलं बृहन्महाराष्ट्र भवन आणि ठिकठिकाणचे सार्वजनिक गणेशोत्सव हेही जुन्या ओळखी लागण्याची ठिकाणं आहेत. दिल्लीतली मराठी मंडळी कुठे राहायला गेली, हे तिथे कुणाला ना कुणाला ठाऊक असतं.

आधी फोन कुणी करायचा?

बहुतेक वेळा गाडी इथेच अडते. ‘इतक्या वर्षांनी फोन केला तर तिला काय वाटेल?’ असा संकोच दोन्हीकडे असतो. २०२२ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की आपण आठवण काढली तर समोरच्याला किती आनंद होईल, याचा अंदाज लोक नेहमी कमीच करतात. आणि अनपेक्षित फोन किंवा निरोप आला, तर हा आनंद आणखी जास्त असतो.

म्हणून तिकीट काढल्याबरोबर मैत्रिणीला कळवा आणि भेटीचा दिवस तेव्हाच ठरवा. उरलेल्या वेळात भेटू, असं म्हटलं तर वेळ उरत नाही.

भेट कुठे आणि कधी?

आता एक मैत्रीण गुरुग्रामला, दुसरी नोएडाला आणि तिसरी गाझियाबादला असते. संध्याकाळच्या गर्दीत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला दोन तासही लागतात. सगळ्यांना भेटायचं असेल तर मेट्रोनं पोचता येईल असं मधलं ठिकाण निवडा. १९९४ साली सुरू झालेलं दिल्ली हाट आयएनए मेट्रो स्टेशनला लागूनच आहे. तिथे तासन् तास बसलं तरी कुणी उठवत नाही.

मात्र एखाद्या खास मैत्रिणीच्या घरी आवर्जून जा. चारचौघांत हसणारी मैत्रीण आपल्या स्वयंपाकघरातच मन मोकळं करते.

डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे विमानं आणि गाड्या उशिरा धावतात, तर नोव्हेंबरमध्ये हवा फार खराब असते. मुलांच्या शाळेचं जमत असेल, तर फेब्रुवारी-मार्च सर्वांत चांगला.

बोलताना सांभाळा

• ‘‘आमच्याकडे असं नसतं’’ हे वाक्य तोंडी येऊ देऊ नका. धूळ, गर्दी आणि ट्रॅफिकचा त्रास इथल्यांना तुमच्यापेक्षा जास्त आहे.

• प्रत्येक किमतीचा डॉलरमध्ये हिशोब करू नका.

• महागडी भेटवस्तू दिली, तर तिची परतफेड कशी करायची याचा मैत्रिणीला घोर लागतो. शाळेतला एखादा जुना फोटो मोठा करून द्या.

• आपली प्रगती सांगण्याआधी तिची विचारपूस करा. मधल्या वर्षांत तिच्याकडे कुणी गेलं असेल, नोकरी सुटली असेल. दुःखाच्या वेळी आपण येऊ शकलो नसू, तर सबबी न सांगता ‘‘तेव्हा मी यायला हवं होतं गं’’ एवढंच म्हणा.

इथल्या मैत्रिणींनीही समजून घ्यावं

दोष नेहमी येणाऱ्याचाच असतो, असं नाही. परदेशातून आलेली मैत्रीण दुपारी डुलक्या देत असेल, तर तो गर्व नव्हे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणि भारतात साडेनऊ ते साडेदहा तासांचा फरक आहे. तिच्या शरीराच्या हिशोबानं ती मध्यरात्री तुमच्याशी गप्पा मारत असते. तिला सासर आणि माहेर दोन्ही थोड्याच दिवसांत उरकायचं असतं. येण्याआधी फोन किंवा घड्याळ आणायची यादी तिच्या हाती देऊ नका. ‘‘आता तू काय, परदेशी झालीस!’’ हा टोमणा थट्टेत मारला तरी लागतो. ती आली नाही, तर दोन स्टेशनं पुढे जाऊन तुम्ही तिला भेटा.

परतल्यावर महिन्यातून एक रविवार ठरवून दहा मिनिटं फोन करा. मुलांनाही त्या फोनवर बोलू द्या. पुढच्या वेळी विमान दिल्लीत उतरेल, तेव्हा यादी करताना मैत्रिणीचं नाव सर्वांत वर लिहा.