साखर आवरायची तर नाचणी, मेथी, जवस ताटात हवेत



भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) हे भाताचे तालुके. इंद्रायणी शिजला की दोन घास जास्तच जातात. पण पॉलिश केलेल्या तांदळाचा भात लवकर पचतो, त्याची साखर झपाट्याने रक्तात उतरते आणि थोड्याच वेळात पुन्हा भूक लागते. पूर्वी डोंगर चढणं-उतरणं होतं, ताटात नाचणीची भाकरी होती. आता दारात गाडी आली आणि बरीच वरकस जमीन पड राहिली. मधुमेह हा काही फक्त शहरातला रोग राहिलेला नाही.

फरक पडतो तो चोथ्याने. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात चोथा जेमतेम ३ ग्रॅम, नाचणीत ११, जवसात २६ आणि मेथीदाण्यात ४७ ग्रॅमच्या वर.

मेथी रात्री भिजत घाला, सकाळी बुळबुळीत होते. हाच बुळबुळीतपणा पोटात अन्न धरून ठेवतो. जेवण सावकाश पुढे सरकतं, साखर हळूहळू चढते आणि पोट भरल्यासारखं राहतं. याच संस्थेने १९९० च्या सुमारास मधुमेहींना मेथीपूड देऊन पाहिली, तेव्हा त्यांची साखर कमी झालेली आढळली.

घरात काय कराल?

नाचणी जाडसर दळा, पीठ चाळू नका. बारीक पिठाच्या पातळ पेजेपेक्षा भाकरी बरी. मात्र भाकरी खायची ती भात कमी करून. भातावर आणखी भाकरी नको. जवस भाजून, कुटून चटणी करा. अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो. मेथी एक चमच्यापासून सुरू करा, पाणी भरपूर प्या.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: डॉक्टरांची गोळी किंवा इन्शुलिन मनाने बंद करू नका. औषधाबरोबर मेथी घेतल्यास साखर फार खाली जाऊ शकते, म्हणून आधी विचारून घ्या. तिशी ओलांडलेल्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासावी.

शेतात काय कराल?

घरापुरती तरी नाचणी उतारावर लावा. जूनमध्ये रोप टाका, जुलैत लावणी करा. ‘फुले नाचणी’, ‘दापोली-१’ या जातींची चौकशी सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे करा. भात निघाल्यावर ओलीवर जवसाचा एखादा पट्टा घ्या.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी येत्या ग्रामसभेत साखर तपासणी आणि नाचणीचं बियाणं हे दोन्ही विषय घ्यावेत. पड वरकस पुन्हा पिकाखाली आली, तर दवाखान्याचा खर्चही थोडा आवरेल.