भांडीं धुण्याच्या यंत्रांत पाणी कां तुंबतें?

भांडीं धुण्याचें यंत्र, म्हणजे डिशवॉशर, आतां आपल्याकडील कांहीं घरांतही दिसूं लागलें आहे. अमेरिकेंतील जोसेफिन कॉक्रेन या बाईंनीं १८८६ सालीं अशा यंत्राचें पेटंट मिळविलें, व १८९३ च्या शिकागो येथील प्रदर्शनांत तें लोकांपुढें आलें. यंत्रानें श्रम वांचतात हें खरें. परंतु धुणें आटोपल्यावर दार उघडावें, तों तळाशीं तेलकट पाणी सांचलेलें दिसावें, असा प्रसंग पुष्कळदां येतो. अशा वेळीं कारागिरास बोलावण्यापूर्वीं थोडा विचार केल्यास बहुधा घरच्या घरींच काम भागतें.

प्रथम पाण्याची वाट समजून घेऊं. मोरींतील पाणी उतारानें आपोआप वाहून जातें. यंत्रांतील पाण्याचें तसें नाहीं. तें तळाच्या खोलगट भागांत जमतें, तेथील गाळणींत खरकटें अडकतें, आणि एक लहानसा पंप तें पाणी नळीवाटे वर चढवून सिंकच्या सांडपाण्याच्या नळांत सोडतो. गाळणी, पंप, नळी व सिंकचा नळ अशीं हीं चार ठिकाणें होत. पाणी तुंबलें म्हणजे यांपैकीं कोठें तरी अडथळा आहे, असें समजावें. मात्र गाळणीखालीं थोडें स्वच्छ पाणी नेहमींच राहतें. तो बिघाड नव्हे.

शोधास आरंभ करण्यापूर्वीं विजेचें बटण बंद करून प्लग काढावा व पाणी निवूं द्यावें. नंतर तें पेल्यानें व फडक्यानें उपसून टाकावें. गाळणी बहुतेक यंत्रांत फिरवून सहज निघते. ती नळाखालीं मऊ ब्रशानें धुवावी. भाताचीं शितें, लिंबाच्या बिया, कढीलिंबाचीं पानें, चहाचा चोथा हेच येथील नेहमींचे अपराधी! गाळणीखालच्या खळग्यांत कांचेचा तुकडा असण्याचा संभव असतो; म्हणून तेथें उघडा हात घालूं नये. पंपावरील झांकण निघत असल्यास पात्यांत कांहीं अडकलें आहे काय, तें पाहावें.

गाळणी स्वच्छ असूनही पाणी हटत नसेल, तर मागील नळी दुमडली वा चेपली आहे काय तें तपासावें. ती सिंकखालीं उंचावरून वळवून आणलेली असावी. नाहींतर सिंकमधील घाण पाणी यंत्रांत परत येतें. सिंकमधील पाणीही हळूहळू जात असेल, तर दोष यंत्राचा नसून सिंकच्या नळाचा आहे. नवें यंत्र पहिल्या दिवसापासूनच तुंबत असेल, तर सिंकखालच्या ज्या तोटीस नळी जोडली आहे, तिचें बूच काढावयाचें राहिलें नाहीं ना, हें पाहावें.

इतकें झाल्यावर सर्व भाग जागच्या जागीं बसवून केवळ पाणी काढण्याचा क्रम चालवावा. पंप गुणगुणतो पण पाणी जात नाहीं, तर अडथळा अद्याप शिल्लक आहे. मुळींच आवाज नसेल, तर दोष पंपांत किंवा विजेच्या जोडणींत असावा. तेथें मात्र जाणत्या कारागिराचेंच काम.

भांडीं यंत्रांत ठेवण्यापूर्वीं खरकटें काढून टाकावें व आठवड्यांतून एकदां गाळणी धुवावी, म्हणजे हा प्रसंग क्वचितच येईल. बटण दाबावयास सर्वच पुढें येतात. गाळणी धुण्याचें नावडतें काम मात्र बहुधा आईच्या वांट्यास येतें. विद्यार्थ्यांनीं व विद्यार्थिनींनीं वडील माणसांच्या देखरेखीखालीं तें आपणांकडे घ्यावें. यंत्राची माहितीही होईल, आणि घरांतील श्रम खरोखरच हलके होतील.