भाभा प्रकीर्णन आणि फाइनमन यांचे समाकल

डॉ. होमी भाभा यांचे नाव वाचकांना परिचित आहे, ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे आणि भारतीय अणुऊर्जा कार्यक्रमाचे प्रवर्तक म्हणून. परंतु जगभरच्या प्रयोगशाळांत त्यांचे नाव आजही घेतले जाते, ते एका वेगळ्याच कारणाने. केंब्रिजमध्ये असताना त्यांनी इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांच्या टकरीचे गणित मांडले. ते १९३६ साली प्रसिद्ध झाले. या टकरीस ‘भाभा प्रकीर्णन’ असे म्हणतात.

ही टक्कर दोन प्रकारे घडू शकते. एक तर दोन्ही कण परस्परांत एका फोटॉनची देवघेव करून आपापली दिशा बदलतात. किंवा ते दोघेही नष्ट होऊन एक फोटॉन निर्माण होतो आणि त्यातून नवी जोडी जन्मास येते. शेवटी हाती येणारे कण सारखेच असल्यामुळे यांपैकी नेमके काय घडले, हे सांगता येत नाही. म्हणून दोन्हींचे गणिती वाटे आधी एकत्र मिळवावे लागतात व त्यानंतरच टकरीची संभाव्यता काढता येते. भाभांनी हेच केले.

पुढे रिचर्ड फाइनमन यांनी अशा प्रत्येक शक्यतेसाठी एक रेखाकृती काढण्याची पद्धत दिली. तिचे सविस्तर विवेचन १९४९ साली प्रसिद्ध झाले. या पद्धतीने पाहिले असता भाभांच्या दोन आकृती ही केवळ सुरुवात ठरते. वाटेत फोटॉनचे रूपांतर क्षणभर एका जोडीत होऊन पुन्हा फोटॉन बनू शकतो. आकृतीत तेथे एक बंद वलय दिसते. दिल्लीत मुनिरक्याहून लाल किल्ल्याकडे निघालेला मनुष्य कोणत्या तरी एकाच रस्त्याने जातो. वलयात फिरणाऱ्या संवेगाला मात्र असे एकच मूल्य नसते. तो कितीही असू शकतो आणि त्याच्या सर्व मूल्यांची बेरीज घ्यावी लागते. ही बेरीज म्हणजेच ‘फाइनमन समाकल’.

येथे पहिली अडचण उभी राहते. संवेग वाढत गेला तरी पुष्कळ समाकलांत बेरीज आवरत नाही. उत्तर अनंत येते. १९७२ साली गेरार्ड ट होफ्ट आणि मार्टिनस व्हेल्टमन यांनी एक युक्ती पद्धतशीरपणे वापरली. अवकाश-कालाच्या मिती नेमक्या चार न धरता चाराहून किंचित वेगळ्या धरावयाच्या. मग अनंत होऊ पाहणारा भाग एका पदात एकवटतो. आणि इलेक्ट्रॉनचे प्रत्यक्ष मोजलेले वस्तुमान व विद्युत्भार वापरून समीकरणे पुन्हा मांडली, की तो भाग गळून पडतो.

दुसरी अडचण संख्येची. दोन-तीन वलयांच्या आकृती घेतल्या, की हजारो समाकल समोर येतात. परंतु ते सर्व स्वतंत्र नसतात. याचे एक सोपे उदाहरण पाहू. चढत्या घाताला घातांकी वेगाने घटणाऱ्या फलाने गुणून शून्यापासून अनंतापर्यंत समाकल घेतला, तर खंडशः समाकलनाने असे दिसते, की पाचव्या घाताचे उत्तर चौथ्याच्या ५ पट, चौथ्याचे तिसऱ्याच्या ४ पट, याप्रमाणे असते. एकच मूळ समाकल सोडविला, की बाकीचे नुसत्या गुणाकाराने मिळतात. पाचव्याचे उत्तर मूळाच्या १२० पट येते. हीच कल्पना १९८१ साली चेतिर्किन व त्काचोव्ह यांनी फाइनमन समाकलांना लावली. २००० साली स्तेफानो लापोर्टा यांनी ती संगणकाकडून करवून घेण्याची रीत घालून दिली.

उरलेले थोडे मूळ समाकल तरी कसे सोडवावयाचे? १९९१ साली कोतिकोव्ह यांनी सुचविलेला मार्ग असा: समाकलावर थेट हल्ला करू नये, वस्तुमान किंवा ऊर्जा किंचित बदलली असता तो कसा बदलतो, याचे अवकल समीकरण मांडावे आणि एखाद्या सोप्या ठिकाणच्या ज्ञात मूल्यापासून पुढे जावे. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान नगण्य मानून भाभा प्रकीर्णनाची दोन वलयांपर्यंतची दुरुस्ती २००१ साली प्रसिद्ध झाली.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. जिनीव्हाजवळील २७ किलोमीटर परिघाच्या वेगवर्धकात १९८९ ते २००० या काळात इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरी घडविण्यात आल्या. एकंदर किती टकरींची संधी मिळाली, हे मोजण्याचे माप म्हणून लहान कोनातील भाभा प्रकीर्णन वापरले गेले. मापच चुकले, तर त्यावर आधारलेली प्रत्येक मोजणी चुकणार. या मोजणीतून हलक्या न्यूट्रिनोंचे प्रकार किती, हे ठरावयाचे होते. २००६ साली उत्तर आले २.९८४०, अनिश्चितता ०.००८२. तीनपासूनचे हे अंतर अनिश्चिततेच्या जवळजवळ दुप्पट होते. काहीतरी अज्ञात राहून गेले असावे, अशी शंका त्यामुळे घेता येत होती.

पुढे संशोधकांनी माप पुन्हा तपासले. कणांच्या दोन शलाका परस्परांस किंचित वळवितात, हा परिणाम हिशेबात धरला. फोटॉनच्या वाटेतील वलयांचा वाटाही अधिक काटेकोरपणे घेतला. यांतील क्वार्कांच्या वलयांसाठी प्रयोगांतील मापनांचाच आधार घ्यावा लागतो. २०२० साली सुधारलेले उत्तर आले २.९९६३, अनिश्चितता ०.००७४. शंका मिटली. त्यासाठी एकही नवी टक्कर घडवावी लागली नाही. जुन्याच टकरींचा हिशेब अधिक नीट मांडावा लागला.