पाच वर्षांच्या मुलीला पॅरिस आठवेल का?

मागच्या व्याख्यानात आपण स्मृतीविषयी बोललो. ते संपल्यावर इथल्याच, प्रभादेवीतल्या, एका जोडप्याने आम्हाला एक प्रश्न विचारला. आजचा विषय तिथूनच आला. त्यांना दोन मुलं, मोठा अकराचा, धाकटी पाचाची. चार-पाच वर्षं पैसे बाजूला टाकून आता पहिल्यांदाच सगळ्यांनी मिळून परदेशी जायचं ठरतंय, फ्रान्सला. घरातल्या आजी म्हणतात, एवढ्याशा पोरीला काय आठवणार आहे? पैसे पाण्यात. थांबा अजून तीन वर्षं. आता यावर तत्त्वज्ञानाच्या माणसाने काय सांगावं? आम्हाला वाटतं, सांगण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं निम्मं पासपोर्टाबद्दल आहे.

आजींचं म्हणणं वस्तुस्थिती म्हणून बरंचसं खरं आहे. पहिल्या तीन-साडेतीन वर्षांतलं मोठेपणी आपल्याला जवळजवळ काहीच आठवत नाही, आणि त्यापुढची दोन-तीन वर्षंही तुकड्यातुकड्यांनीच आठवतात. फ्रॉइडने याची कारणं एक सांगितली, नंतरच्या मानसशास्त्रज्ञांनी दुसरी. पण गोष्ट खरी. प्रश्न पुढच्या पायरीचा आहे. जे आठवत नाही ते वाया गेलं, हे कुठून आलं? याच मुलीला तुम्ही संध्याकाळी दादर चौपाटीवर नेता. तिथली एकेक संध्याकाळ तिला आठवणार नाही, म्हणून कुणी न्यायचं थांबवत नाही. मग फ्रान्सलाच हा हिशेब का? तर तिथं पैसे जास्त लागतात म्हणून. म्हणजे प्रश्न स्मृतीचा नाहीच, किमतीचा आहे. खर्च मोठा झाला की आठवण आपण पावतीसारखी मागतो.

पण किंमत खरी असते, बरं का. पाच वर्षांची बचत म्हणजे काही थट्टा नाही. तेव्हा विचारायचं ते असं, की थांबल्याने नेमकं काय बदलेल? धाकटी आठ वर्षांची होईल, हे चांगलं. पण मोठा चौदाचा होईल, आणि मुंबईतल्या घरात नववी-दहावी लागली की सुट्टी म्हणजे क्लासच्या वेळापत्रकात उरलेली जागा. दोघांनाही एकत्र नेता येईल अशी वर्षं मुळात थोडीच असतात. शिवाय मोठ्याला सगळं आठवेल, तो सांगत राहील, आणि त्या सांगण्यातूनच धाकटीची आठवण तयार होईल. आपल्या लहानपणच्या अर्ध्या आठवणी अशाच दुसऱ्यांनी सांगून झालेल्या असतात. दोन्ही मुलं चारच्या आतली असती तर आम्ही आजींच्या बाजूने उभे राहिलो असतो. इथं आमचं मत, जावं.

आता कसं जावं. ॲरिस्टॉटलने एक साधी गोष्ट सांगून ठेवली आहे की माणूस विचारविनिमय करतो तो आपल्या हातात असलेल्या गोष्टींचाच. सहलीत आपल्या हातात काय असतं? कागदपत्रं, तिकिटं, मुक्काम, दिवसाची आखणी. मुलांचं लक्ष कशावर बसेल, हे हातात नसतं. आपली पद्धत बहुधा उलटी. कागदपत्रं शेवटच्या महिन्यात, आणि मुलांनी कुठे किती वाजता काय बघायचं याचा मात्र तक्ता तयार. याला आपल्या भागाची परंपराही आहे. दादर-माहीमच्या पट्ट्यातल्या मराठी घरांना युरोप दाखवला तो ग्रुप टूरने. केसरी १९८४ पासून, वीणा वर्ल्ड २०१३ पासून. आम्ही त्यांना हसत नाही. एरवी कधीच गेली नसती अशी कितीतरी माणसं त्यामुळे जग बघून आली. पण बस सकाळी आठला सुटणार म्हणजे सुटणार, हा नियम पाच वर्षांच्या मुलीने केलेला नसतो.

आधी कागदपत्रं. लहान मुलांचा भारतीय पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, तेव्हा धाकटीचा तान्हेपणी काढलेला असेल तर तो आज कपाटातून काढून बघा. युरोपातून परतण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने तो चालू असावा लागतो. व्हिसा शेंगेनचा, एकूण २९ देशांना तो चालतो, पण अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडेच करायचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, कधी पंचेचाळीसपर्यंत. मेमध्ये जायचं तर नोव्हेंबरपासून दार उघडं असतं, आणि आपण सगळे मार्चअखेर जागे होतो. प्रत्येक मुलाचा अर्ज वेगळा, आईवडिलांच्या सह्यांसह. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना माफ. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बाराच्या आतल्या मुलांच्या बोटांचे ठसेही घेत नाहीत. म्हणजे या जोडप्याची मुलं निदान व्हिसाच्या दृष्टीने योग्य वयात आहेत! प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्यांचा.

सामानात काय न्यायचं, यावर आपल्याकडे घरोघर परिसंवाद होतो. नियम असा की युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. पेढे, श्रीखंड, तूप घरीच राहू द्या. फळांना तिथल्या शेतीच्या संरक्षणासाठी प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन या पाचांना. म्हणजे मेमध्ये नातेवाइकांसाठी हापूसची पेटी उचलायची नाही, सिद्धिविनायकाचा नारळ मात्र खुशाल न्या. भाजणी, मेतकूट, पोहे, मुगाची डाळ न्यावी. आणि निदान अर्धे दिवस तरी स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्यावं.

स्वयंपाकघर का, ते घड्याळ सांगतं. उन्हाळ्यात फ्रान्सचं घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास असतं. पहिले दोन-तीन दिवस मुलं पहाटे चारला टक्क जागी, आणि संध्याकाळी साडेसहाला पेंगायला लागणार. तिथली उपाहारगृहं रात्रीचं जेवण सातनंतरच देतात. मेअखेरीला सूर्य मावळतो साडेनऊनंतर. बाहेर लख्ख ऊन, हॉटेलचं दार बंद, आणि पोर रस्त्यात बसलेलं. अशा वेळी घरी येऊन मुगाची खिचडी टाकता आली पाहिजे. मोठं जेवण बारा ते दोनमध्ये बाहेर करावं, तेव्हा सगळं चालू असतं.

तारखांचंही तसंच. १ मे म्हणजे आपला महाराष्ट्र दिन, तिथं कामगार दिनाची कडक सुट्टी. लूव्र, ऑर्से, व्हर्साय तिन्ही बंद. एरवी लूव्र मंगळवारी, ऑर्से आणि व्हर्साय सोमवारी बंद. लूव्रमध्ये अठरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही, पण वेळ आधी घेऊन ठेवावी. आणि दोन तासांच्या वर थांबू नये. मोनालिसापुढे पन्नास माणसांच्या पाठी बघून पाच वर्षांची मुलगी कंटाळली, तर कंटाळण्यात ती बरोबर आहे.

आपल्या मुलांना आता सिद्धिविनायक स्थानकावरची भुयारी मेट्रो ठाऊक झाली आहे, सरकते जिने, लिफ्ट वगैरे. पॅरिसची मेट्रो १९०० सालची. पुष्कळ स्थानकांत नुसते जिने आणि लांबलचक बोळ. बाबागाडी न्यायची तर हलकी, एका हाताने मिटणारी.

दिवसाला ठरवलेली गोष्ट एकच, तीही सकाळी. बाकीचा दिवस मोकळा. लक्झेंबर्ग बागेतल्या तळ्यावर शिडाच्या छोट्या होड्या भाड्याने मिळतात, मुलं काठीने त्या पाण्यात ढकलतात. तिथं दोन तास गेले तर जाऊ द्यावेत. रुसोने 'एमिल' या १७६२ च्या ग्रंथात म्हटलं आहे की मुलांच्या शिक्षणात वेळ वाचवायचा नसतो, दवडायचा असतो. (या गृहस्थाने स्वतःची पाचही मुलं अनाथालयात सोडली, तेव्हा पालक म्हणून त्याचं ऐकू नये, पण हे वाक्य ऐकावं.) त्याची समाधी त्या बागेजवळच पॅंथिऑनमध्ये आहे, आणि तिथंच फुकोचा लंबक टांगलेला आहे. मोठ्याला तो दाखवा. पृथ्वी फिरते हे तो पुस्तकात शिकलाय. इथं ते डोळ्यांनी दिसतं.

मोठ्याचा हट्ट मार्सेयचा आहे, असं वडील म्हणाले. शिवाजी पार्कचं सावरकर स्मारक घरापासून चालण्याच्या अंतरावर, तेव्हा हट्ट समजण्यासारखा आहे. ८ जुलै १९१० ची ती उडी त्याने शंभरदा ऐकली असेल. पॅरिसहून वेगवान रेल्वेने तीन-सव्वातीन तास लागतात. जा, पण एक रात्र राहा. एका दिवसात जाऊन येऊ नका. आणि उडीच्या पुढचंही त्याला सांगा. फ्रान्सच्या भूमीवर पकडलेला माणूस ब्रिटिशांना ठेवून घेता येतो का, हा खटला हेगच्या लवादापुढे गेला आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. तो बरोबर होता का, यावर अकरा वर्षांचा मुलगा रेल्वेत तीन तास वाद घालू शकतो.

एक गोष्ट मात्र जाण्याआधी घरी शिकवा. फ्रान्समध्ये दुकानात शिरलं की आधी 'बोंजूर', मग काम. आपण शिरतो ते 'अहो, हे केवढ्याला?' म्हणतच. यात आपल्याकडे उद्धटपणा नसतो. दुकानदार ओळखीचा आहे असं आपण धरूनच चालतो. तिथं तसं धरत नाहीत. समोरच्याला आधी माणूस म्हणून नोंदवायचं, मग मागायचं. धाकटीला हा एक शब्द दिला तर सगळ्यांत जास्त हसू तिच्याच वाट्याला येईल.

आजी बरोबर गेल्या तर त्यांच्यासाठीही एक पत्ता आहे. गार द्यू नॉर स्टेशनच्या उत्तरेला ला शापेल नावाची वस्ती, श्रीलंकेच्या तमिळ लोकांच्या दुकानांची. तांदूळ, डाळ, कढीपत्ता सगळं मिळतं. जवळच माणिक्क विनायकाचं देऊळ आहे, आणि उन्हाळा संपता संपता त्या गणपतीचा रथ निघतो, पॅरिसच्या रस्त्यावर नारळ फुटतात. मेमध्ये रथ दिसणार नाही, दर्शन मात्र होईल.

चला, आता प्रश्न घेऊ. आधी मागच्या रांगेतून.